लाखेपासून प्लास्टिकपर्यंत : रेवदंड्याच्या घरातील वस्तूंचा मागोवा

आमच्या रेवदंड्याच्या घरात माळ्यावर एक पाळणा आहे. चार कातीव खांब, कडेला बोटाएवढ्या जाडीच्या कातीव दांड्या, आणि त्यांवर तांबडे, पिवळे, हिरवे पट्टे. माझ्या वडिलांना त्यात जोजवले, मला आणि माझ्या बहिणींनाही. गेल्या चैत्रात पुण्याहून मुलीचा फोन आला. तिला दिवस गेले होते. बाळासाठी घरात प्लास्टिक नको, रासायनिक रंग नको, सगळे सेंद्रिय आणि नैसर्गिक हवे, असे तिने आणि जावयांनी ठरवले होते. दुकानांतल्या ‘ऑरगॅनिक’ पाळण्यांच्या किमती पाहून ती म्हणाली, “बाबा, आपला माळ्यावरचा पाळणा आहे ना? लाखेचाच आहे म्हणता ना तुम्ही? मग तोच द्या.”

मला आनंद झाला. बाजारपेठेत आमचे हार्डवेअर आणि रंगांचे दुकान आहे. वडिलांनी सुरू केले, मी चालवतो. इतिहासाचे शिक्षण मी कुठे घेतलेले नाही. दुकान बंद केल्यावर जे वाचले तेवढेच. पण गेली वीस वर्षे चौल-रेवदंड्यासंबंधी मिळेल ते वाचत आलो आहे, आणि या पाळण्याच्या खांबांवरची लाख मला नेहमी एका जुन्या धंद्याची आठवण करून देते. पाळणा खाली काढला, पुसला आणि त्या निमित्ताने जुनी टिपणे पुन्हा उघडली. त्या वाचनात मुलीच्या साध्या प्रश्नाचे उत्तर अवघड होत गेले. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख.

चौलचे लाखी पलंग

चौल हे कोकण किनाऱ्यावरचे फार जुने बंदर. ग्रीक लेखकांनी त्याला सिमिल्ला म्हटले, अरबांनी सैमूर. दहाव्या शतकाच्या आरंभी अल-मसुदी हा प्रवासी येथे येऊन गेला. पोर्तुगीजांनी अहमदनगरच्या निजामशाहाच्या संमतीने १५२१मध्ये कुंडलिका खाडीच्या मुखाशी किल्ल्याचे काम सुरू केले. त्यानंतर चौलचे दोन भाग ओळखले जाऊ लागले : निजामशाही अमलातले वरचे चौल आणि पोर्तुगीजांचे खालचे चौल. खालचे चौल म्हणजेच आमचे रेवदंडा. आज गावात शिरणारा रस्ता त्या तटबंदीतूनच आत येतो आणि तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. पडक्या चर्चचा सातखणी मनोरा पाहून पर्यटक परत जातात. पण येथे काय तयार होत होते, असे विचारणारा क्वचितच भेटतो.

रेशमी कापड हे पहिले उत्तर. दुसरे उत्तर लाखी सामान. गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी १५८३ ते १५८८ या काळात असलेल्या यान हाउखेन व्हान लिन्सखोतेन या डच माणसाचा प्रवासग्रंथ १५९६मध्ये प्रसिद्ध झाला. चौलच्या संदर्भात तो रेशमाबरोबर लाख चढवलेल्या पेट्या, पलंग आणि इतर लाकडी वस्तूंचा उल्लेख करतो. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी आलेला पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासीही चौलच्या चिनी धाटणीच्या पेट्या आणि नाना रंगांचे लाखी पलंग नमूद करतो. दोन वेगळ्या देशांची माणसे एका पिढीच्या अंतराने एकाच गावाविषयी एकच गोष्ट लिहितात, तेव्हा तो धंदा किरकोळ नसणार.

लिन्सखोतेनने लाखकामाची रीतही लिहून ठेवली आहे. कातारी लाकूड चरकावर फिरवतो आणि फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते, लाकडाच्या रेषारेषांत शिरते आणि नखाएवढ्या जाडीचा थर बसतो. मग रुंद सुक्या पातीने तो घासून काचेसारखा चमकवतात. नीट सांभाळले तर लाकूड टिकेल तोवर लाखही टिकते, आणि हिंदुस्थानात पलंग, खुर्च्या, चौरंग यांसारखे सगळे घरसामान याच रीतीने रंगवतात, असे तो सांगतो.

ही रीत अजून जिवंत आहे. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला खेळणी करणारे कारागीर आजही फिरत्या लाकडावर लाखेची कांडी धरतात आणि शेवटी केवड्याच्या जातीच्या झाडाची सुकी पात लावून चकाकी आणतात. मी ते पाहिले तेव्हा चारशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकातले पान डोळ्यांसमोर घडत असल्यासारखे वाटले. केवडा आमच्या किनाऱ्यालाही आहे. आपल्याकडे सावंतवाडीने लाखकाम आणि गंजिफा यांची परंपरा राखली. चौलचे दिवस मात्र मुंबई वाढली तसे उतरत गेले. सतराव्या शतकातच इथले विणकर मुंबईची वाट धरू लागले होते. १७४०मध्ये रेवदंडा मराठ्यांकडे आले तेव्हा बंदराचे वैभव ओसरले होते.

नैसर्गिक म्हणजे काय?

लाख हा झाडाचा डिंक नव्हे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक इवलासा किडा वस्ती करतो, रस शोषतो आणि अंगाभोवती राळेसारखे कवच तयार करतो. ते कवच म्हणजे लाख. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात ती मुंग्यांपासून होते असे लिहिले. मुंग्यांचे चुकले, पण ती कीटकापासून होते हे त्याने बरोबर सांगितले. फांद्या तोडून त्यांवरची लाख खरवडतात, तेव्हा पुढच्या पिकासाठी राखलेले बीज सोडले तर बाकीचे किडे मरतात. त्यांच्याच शरीरातून अळित्याचा तांबडा रंग मिळतो. म्हणजे लाख नैसर्गिक खरी, पण अहिंसक नव्हे. हे व्रत म्हणून पाळणाऱ्याला माहीत असावे.

दुसरी गोष्ट. ती स्थानिकही नव्हती. ओर्ता आणि लिन्सखोतेन दोघेही उत्तम लाख पेगूहून, म्हणजे आजच्या म्यानमारमधून, येते असे सांगतात. अरब व्यापारी तिला सुमात्रेची लाख म्हणत, कारण ती त्या वाटेने त्यांच्या हाती पडे. रेवदंड्याच्या धक्क्यावर उतरलेली लाख बंगालचा उपसागर ओलांडून आलेली असे आणि तिचे पलंग होऊन पुन्हा गलबतात चढत. ‘गावचे, मातीतले’ म्हणून आपण ज्याची आठवण काढतो, त्यातले बरेच असे समुद्रावरून आलेले असते. आपल्या भाषेतही याच्या खुणा आहेत. घमेले, परात, बालदी, चावी हे घरातले शब्द पोर्तुगीजांकडून आले. पोर्तुगीजांचे ‘गामेला’ हे लाकडी पात्र होते. आपण नाव ठेवून घेतले आणि पात्र आधी लोखंडाचे, मग प्लास्टिकचे केले.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त खटकली. लाख स्वतः फिकट पिवळसर किंवा तांबूस. पट्ट्यांमधले झगझगीत रंग तिच्यात मिसळलेल्या खनिजांचे. एकोणिसाव्या शतकातल्या लाखकामाच्या नोंदी पाहिल्या तर पिवळ्यासाठी हरताळ, तांबड्यासाठी हिंगूळ, हिरव्यासाठी हरताळ आणि नीळ यांचे मिश्रण असे दिसते. हरताळ हे आर्सेनिकचे, म्हणजे सोमलाच्या कुळातले खनिज. हिंगूळ पाऱ्याचे. दोन्ही पृथ्वीच्या पोटातून निघतात, दोन्ही पूर्ण नैसर्गिक, दोन्ही विषारी. शेंदूरही तसाच, शिशाचा.

आमच्या पाळण्याचा पिवळा पट्टा हरताळाचा की नंतर आलेल्या बाजारी रंगाचा, हे डोळ्यांनी कळत नाही. पण त्या पट्ट्याला दोन-तीन ठिकाणी दातांच्या खुणा आहेत. त्यांतल्या काही माझ्या असतील.

वाडीतून घरात

लाखी पलंग श्रीमंतांच्या घरचा, किंवा परदेशी जाणारा. सामान्य रेवदंडेकराचे घर वाडीतून उभे राही. अष्टागरातल्या नारळाने काय दिले नाही? झावळ्यांचे झाप छपराला आणि कुंपणाला, हिरांचा खराटा, सोडणाचा काथ्या, काथ्याचे सुंभ, करवंटीची पळी, खोबऱ्याचे तेल. सुपारीच्या विरीचा द्रोण व्हायचा. कारवीच्या कुडाला माती-शेणाचा गिलावा, भिंतींना शिंपल्यांचा चुना. बुरुडाकडून सूप, टोपली, रोवळी. कुंभाराकडून मडके, पणती, आणि रहाटाच्या माळेला बांधायचे लोटे.

तेल घाण्यावरचे. ते गाळणारे आमच्या किनाऱ्यावर मुख्यतः बेने इस्रायली. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. रेवदंड्यात त्यांचे सिनेगॉग आजही आहे. एकोणिसाव्या शतकात ही मंडळी पलटणीत आणि मुंबईच्या कचेऱ्यांत शिरली, रॉकेलने दिव्याचे तेल मागे टाकले, आणि १९४८नंतर बरीच कुटुंबे इस्रायलला गेली. ‘लाकडी घाण्याचे तेल’ आता शहरात आरोग्याच्या नावाने चढ्या भावाने विकले जाते. घाणा चालवणाऱ्यांना मात्र तो धंदा सोडण्यात उन्नती दिसली होती. तसे का वाटले, हा प्रश्न बाटलीवरच्या चिठ्ठीत मावत नाही.

हाच प्रश्न केरसुणीला विचारावा. येत्या लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहू. शिंदीच्या पानांची केरसुणी बांधणे हे परंपरेने मातंग समाजाचे काम. वस्तू देव्हाऱ्यापर्यंत पोहोचली, करणाऱ्याला ओसरीवरही जागा नव्हती. पर्यावरणस्नेही गृहव्यवस्थेचे गोडवे गाताना हे विसरून चालणार नाही. ज्या व्यवस्थेत सूप बुरुडानेच विणायचे आणि मडके कुंभारानेच घडवायचे, तिथे वस्तू स्वस्त राहण्याचे एक कारण म्हणजे करणाऱ्याला दुसरा धंदा खुला नव्हता.

आणि घरातल्या श्रमांचे काय? मी एकदा आईपुढे शेणाच्या जमिनीचे कौतुक केले. उन्हाळ्यात गार, पायाला मऊ वगैरे. आई म्हणाली, “तुला जमीन आठवते. मला कंबर आठवते. दर आठवड्याला सारवायचं कोणी?” पावसाळ्यापूर्वी झाप विणणे, चुलीच्या धुरात रांधणे, विहिरीचे पाणी मातीच्या घागरीतून आणणे, ही सगळी कामे बायकांची. माझ्या आईच्या पिढीने हलकी प्लास्टिकची कळशी पहिल्यांदा कमरेवर घेतली तेव्हा तिला ती प्रदूषण वाटली नाही, सुटका वाटली. ती कळशी आमच्याच दुकानातून गेली होती.

कच्च्या मालाचा हक्क हीसुद्धा साधी बाब नव्हती. १८७८च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलातून लाकूडफाटा, कारवी, बांबू आणणे हा गुन्हा ठरू लागला. आमच्याच जिल्ह्यात, उरणजवळच्या चिरनेरला, २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला आणि माणसे मारली गेली. ‘नैसर्गिक’ वस्तू वापरायची तर निसर्गापर्यंत पोहोचण्याचा हक्क लागतो. तो कमी होत गेला तसा बाजारातला पत्रा आणि ॲल्युमिनियम गरिबाला जवळचे वाटू लागले.

प्लास्टिकची पणजी

आता जी गोष्ट सांगतो ती मला दुकानदार म्हणून विशेष वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी विजेचा धंदा वाढला. तारा आणि यंत्रांच्या भागांना वीजरोधक लेप हवा होता आणि त्यासाठी लाख उत्तम. पण लाख झाडावर, किड्यांच्या वेगाने तयार होते. मागणी वाढली, पुरवठा पुरेना, भाव चढले. अमेरिकेत लिओ बेकलंड हा रसायनशास्त्रज्ञ लाखेला पर्याय शोधू लागला. त्या शोधातून १९०७मध्ये बेकेलाइट जन्मले, पूर्णपणे कृत्रिम असे पहिले प्लास्टिक. जुन्या घरांतली काळी, गोल विजेची बटणे त्याचीच. त्याआधी जॉन वेस्ली हायटने सेल्युलॉइड आणले, त्यामागेही बिलियर्डच्या हस्तिदंती चेंडूंना पर्याय शोधण्याची धडपड होती.

म्हणजे प्लास्टिक हा निसर्गावरचा ताण हलका करणारा शोध म्हणूनही जगात आला. हत्तीचे दात वाचतील, लाखेची वाट पाहावी लागणार नाही, असा त्याचा वायदा होता. रेवदंड्याच्या लाखी पलंगाची आणि माझ्या दुकानाबाहेर एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची नातेसंबंधाची रेषा अशी सरळ निघते. मधला एक दुवा आमच्या घरात होता : आजोबांच्या बालगंधर्वांच्या तबकड्या. त्या लाखेच्या मिश्रणाच्या. हातून निसटली की फुटत. पुढे विनाइलच्या आल्या, त्या फुटेनात.

फुटत नाही, कुजत नाही, हा गुण होता तोच दोष ठरला. भरतीनंतर आमच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली काय साठते ते पाहायला यावे. महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८मध्ये पिशव्या आणि काही वस्तूंवर बंदी घातली, केंद्राने १ जुलै २०२२पासून एकदाच वापरायच्या अनेक वस्तूंवर. माझ्या दुकानातला काही माल त्यात गेला. तक्रार नाही.

कुमारप्पांचे माप

मग निवड करायची ती कोणत्या मापाने? मला सर्वांत उपयोगी पडले ते जे. सी. कुमारप्पा. डिसेंबर १९३४मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्याचा कारभार त्यांनी पाहिला. हातकागद, घाण्याचे तेल, हातसडीचा तांदूळ, मातीची भांडी यांवर तिथे प्रयोग झाले. तुरुंगात लिहून १९४५मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी साधनसंपत्तीचे दोन भाग केले. एक साठ्याची : खनिजे, तेल, कोळसा. काढले की संपले. दुसरी वाहती : झाड, गवत, पाणी. नीट वागले तर पुन्हा भरून येणारी. पहिलीवर उभी राहिलेली अर्थव्यवस्था शेवटी साठ्यांसाठी भांडणार, असे त्यांचे म्हणणे. वस्तू विकत घेताना तिच्यामागे कोणाचे किती पोट भरते, हे पाहणेही त्यांच्या लेखी ग्राहकाचे कर्तव्य होते.

हे माप घेतले की ‘नैसर्गिक’ या एका शब्दाचे ओझे कमी होते. लाख वाहत्या संपत्तीतली, हरताळ साठ्यातला. तो पुन्हा विषारी. एकाच पाळण्यात दोन्ही. म्हणून वस्तूची जात विचारण्यापेक्षा प्रश्न विचारावेत. ही कशाची आहे? तिच्यात आणखी काय मिसळले आहे? करणाऱ्याला काय मिळाले? घरात ती जपण्याचे कष्ट कोण करणार? आणि मोडल्यावर ती कुठे जाणार? ‘ऑरगॅनिक’ची चिठ्ठी लावलेल्या, दूरदेशाहून आलेल्या पाळण्यालाही हेच प्रश्न लागू आहेत आणि आपल्या वाडवडिलांच्या पाळण्यालाही. आपले म्हणून सूट नाही. कारखान्याचे म्हणून सरसकट नकारही नाही. घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी खाली आणणारा नियम १ नोव्हेंबर २०१७पासून आपल्याकडे लागू झाला. म्हणजे आजचा नियमात बसणारा साधा डबा शंभर वर्षांपूर्वीच्या शेंदरी लाखेपेक्षा बाळाला सुरक्षित असू शकतो. रंग विकणारा म्हणून मी हे बोलतो असे कोणी म्हणेल. म्हणोत.

श्रावणात मुलगी घरी आली तेव्हा मी तिला पाळण्याजवळ नेऊन हे सगळे सांगितले. तिने दातांच्या खुणांवरून बोट फिरवले आणि विचारले, “मग तुम्हाला काही कसं झालं नाही?” मी म्हटले, झाले नाही हे नशीब, पुरावा नव्हे. तिला वाईट वाटले. मलाही. पाळणा घासून रंग काढावा असे जावयांनी सुचवले, पण ती धूळ नाकातोंडात जाणे आणखी वाईट, आणि तो हात मारला की चौलच्या लाखकामाची घरातली एकमेव खूण जाणार. म्हणून त्याला कापडात गुंडाळून पुन्हा वर ठेवले. सोबत एक चिठ्ठी ठेवली आहे : लाखकाम, रंगात हरताळ असण्याची शक्यता, मुलांना देऊ नये.

बाळासाठी गावातल्या सुताराकडून शिवणीच्या लाकडाची साधी चौकट करून घेतली. तो हल्ली सगळीकडे पीयू मारतो. त्याला म्हटले, रंग नको, नुसत्या चपड्याचे पॉलिश कर. चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाखच. तो हसला. हे काम त्याच्या वडिलांना येत होते, त्याने बऱ्याच वर्षांत केले नव्हते. दोनदा हात चुकला, तिसऱ्यांदा जमले. स्पिरिट उडून जाऊन वास पूर्ण गेल्यावरच, महिन्याभराने, चौकट पुण्याला पाठवली.

तिच्यात बांधायच्या झोळीचा विषय निघाला तेव्हा मुलीने सेंद्रिय सुताचे कापड शोधायला फोन हातात घेतला. आई आत गेली आणि ट्रंकेतून तिचे एक जुने नऊवारी घेऊन आली. शेकडो वेळा धुऊन रेशमासारखे मऊ झालेले. “यात तुझा बाप निजलाय,” ती नातीला म्हणाली.